अपील कोर्टातला चंबू

मी एक जुना काचेचा चंबू आहे. स्वीडनच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका शहरात, अपील कोर्टाच्या दोन नंबरच्या दालनात मी अडुसष्ट वर्षे पाणी देत आलो. माझे पोट गोल आहे, मान बारीक आहे आणि गळ्याखाली हवेचा एक बुडबुडा अडकलेला आहे. तो जन्मापासूनचा आहे.

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. काचेच्या भांड्याला भीती शिकवावी लागत नाही. कोणी टेबलाला धक्का दिला की मी घाबरतो. कोणी ओल्या हाताने उचलले की घाबरतो. हिवाळ्यात बाहेर उणे पंचवीस असताना कोणी गरम नळाखाली धरले की माझा जीव अर्धा होतो. आणि ज्या खोलीत मी राहिलो, तिथे येणारे प्रत्येक माणूस माझ्याइतकेच घाबरलेले असायचे. त्यामुळे माझी भीती कधी बरी झालीच नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या जंगलातल्या एका काचकारखान्यात झाला. कारागिराने भट्टीतून लाल गोळा फुंकणीच्या टोकावर घेतला आणि आपला श्वास माझ्यात सोडला. मग मला थंड होण्याच्या भट्टीत दीड दिवस ठेवले. काच घाईने थंड झाली तर तडकते. माझ्या शेजारच्या दोन बरण्या तिथेच तडकल्या. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

त्या दीड दिवसात माझ्या दुसऱ्या बाजूला पेली होती, पाणी प्यायचा छोटा पेला. एकाच गोळ्यातून आधी मला काढले, उरलेल्यातून तिला. ती लहान होती, तळाशी जाड, काठाला पातळ. तिची जागा माझ्या डोक्यावर होती. माझ्या मानेवर ती उपडी बसायची, म्हणजे पाण्यात धूळ जाऊ नये. आमचे बोलणे फार नव्हते. टेबलाला धक्का बसला की ती माझ्या मानेवर किणकिणायची. मी आहे, असे ती म्हणायची. मीही आहे, असे मी म्हणायचो. अडुसष्ट वर्षे एवढेच बोलणे झाले, आणि ते पुरेसे होते.

आता कोर्टाचे सांगतो. आमचे कोर्ट मधले. ज्याचा खटला खालच्या कोर्टात चालला आणि निकाल पटला नाही, त्याला तीन आठवड्यांत अर्ज करता येतो. मग कागद आमच्याकडे येतात. आमच्या वर सर्वोच्च कोर्ट आहे, पण ते हजारातले मोजकेच खटले हातात घेते. बाकी सगळ्यांची शेवटची पायरी म्हणजे आम्हीच. फौजदारी खटल्यात खालच्या कोर्टात कायदा शिकलेला एक न्यायाधीश बसतो आणि सोबत गावातली तीन साधी माणसे. आमच्याकडे तीन शिकलेले आणि दोन साधे. कायद्याने सगळ्यांचे मत सारखे.

पूर्वी साक्षीदार आमच्याकडे पुन्हा यायचे. मासेमार, परिचारिका, लाकूडतोडे, दारूचा वास येणारे तरुण, हातमोजे हातात पिळत बसलेल्या बायका. आधी पाणी पिऊ का, असे जवळजवळ सगळेच विचारायचे. पेली त्यांच्या हातात जायची आणि दातांवर वाजायची. एकदा एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने मला खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हटले, "या खोलीत खरा साक्षीदार हाच. पोटात काय आहे ते सगळ्यांना दिसतं." सगळे हसले. माझ्या आयुष्यातले मोठे कौतुक तेवढेच.

मग कॅमेरे आले. खालच्या कोर्टात साक्ष होतानाच तिचे चित्रण व्हायला लागले. आमच्याकडे माणूस येईनासा झाला, त्याचे चित्रण यायला लागले. भिंतीवर मोठा पडदा लागला. नियम चांगला आहे, मी नावे ठेवत नाही. घाबरलेल्या माणसाला तेच दुःख दोनदा सांगायला लावू नये. पण साक्षीदाराच्या टेबलावरून मला उचलून आरोपीच्या टेबलावर ठेवले, आणि कित्येक दिवस माझे पाणी कोणी प्यायले नाही. गेल्या हिवाळ्यात कोर्टाच्या नोकराने, बेंग्त-ओकेने, व्हरांड्यात खोके आणून ठेवले.

"जुनी काच सगळी यात जायची आहे," तो सफाईवालीला म्हणाला. "आता कागदी पेले येणार. सुरक्षेसाठी म्हणे."

"कुणाची सुरक्षा?"

"न्यायाधीशांची. कुणी चंबू फेकून मारला तर?"

"तीस वर्षांत कुणी मारला?"

"मला एकदा वाटलं होतं मारावा," बेंग्त-ओके म्हणाला. "पण मग फरशी मलाच पुसावी लागली असती."

त्याने आम्हाला लगेच खोक्यात टाकले नाही. पण त्या दिवसापासून दार उघडले की मी थरथरायचो.

मार्चमध्ये आल्गोत आला.

तो एकाहत्तर वर्षांचा होता. तळ्याकाठच्या एका लहान गावातून चार तास बसने आला होता. अंगात लग्नाच्या वेळचा कोट. त्याच्या बाजूला त्याची वकील बसली, तुवा. वयाने त्याच्या मुलीसारखी. खालच्या कोर्टात त्याचा वकील दुसरा होता. तुवाला हा खटला नवा होता.

खटला असा होता. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी तीनच्या सुमारास गावातल्या एका माणसाची होडीची शेड जळाली. होडी, जाळी, सगळे गेले. त्या माणसाचे आणि आल्गोतचे होडी लावायच्या धक्क्याच्या जागेवरून दोन वर्षे भांडण होते. पलीकडच्या काठावरून एकाने लाल टोपी घातलेला माणूस शेडकडून जाताना पाठमोरा पाहिला. आल्गोतची टोपी लाल होती. खालच्या कोर्टाने त्याला एक वर्षाची शिक्षा दिली.

त्या वेळी आपण कुठे होतो हे सांगायला आल्गोतकडे एकच माणूस होते. त्याची बायको, गुनवोर. दोघे गावाच्या सामाईक भट्टीघरात भाकऱ्या भाजत होते असे तिने साक्षीत सांगितले. पण नवराबायको एकमेकांच्या खटल्यात बोलतात तेव्हा त्यांना शपथ देत नाहीत, असा इथला कायदा आहे. निकालात लिहिले होते की साक्षीदार आरोपीची पत्नी आहे, तिने शपथ घेतलेली नाही, ती वेळेबद्दल बोलताना वारंवार अडखळली, आणि तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही.

तो निकाल गुनवोरने वाचला होता. त्यानंतर सात आठवड्यांनी ती गेली. फुप्फुसे आधीपासूनच खराब होती.

हे सगळे मला त्या सकाळी कळले. दालनात अजून न्यायाधीश यायचे होते आणि आल्गोत आणि तुवा हळू आवाजात बोलत होती.

"आल्गोत, आज तिचं चित्रण लावतील," तुवा म्हणाली. "सव्वीस मिनिटांचं आहे."

"माहीत आहे."

"मी परवानगी मागू का? तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा."

त्याचा हात टेबलावर होता आणि माझ्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठत होती.

"पोरी, घरात पाच महिने झाले कुणी बोललेलं नाही," तो म्हणाला. "रेडिओ लावतो, तेवढंच. मला तिचा आवाज ऐकायचा आहे आणि मला त्याची भीती वाटते. दोन्ही आहे. काय करू सांग."

तुवाने पेली माझ्या डोक्यावरून उचलली, पाणी ओतले आणि त्याच्यापुढे ठेवली.

"एक वर्ष आत राहायला मी तयार आहे," तो म्हणाला. "तिथे जेवण तरी आयतं मिळेल. पण तिला खोटी म्हटलंय त्यांनी. ते वाचून ती म्हणाली, आल्गोत, शेहेचाळीस वर्षांत मी तुझ्याशीसुद्धा खोटं बोलले नाही, आणि बोलायला हवं होतं अशा वेळा पुष्कळ आल्या. मग हसली. मग खोकला आला. तो कागद मला बदलून हवाय. बाकी काय करायचं ते करा."

मित्रांनो, तेव्हा मला कळले की या माणसाची भीती तुरुंगाची नव्हती.

न्यायाधीश आले. मध्ये अध्यक्षा मार्गित, केस पांढरे, आवाज कोरडा. तिच्या दोन्ही बाजूंना दोन न्यायाधीश, त्यातला एक इतका नवा की त्याच्या कोटाची घडी अजून मोडली नव्हती. टोकाला दोन साधी माणसे. एक निवृत्त पोस्टमन. दुसरी इंगालिल, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे काम केलेली बाई. तिने चष्मा गळ्यात दोरीला अडकवला होता आणि वहीत पेन्सिलीने लिहीत होती.

दिवे मंद झाले. पडदा उजळला. आणि गुनवोर समोर आली.

निळा स्वेटर. पांढऱ्या केसांची छोटी वेणी. खालच्या कोर्टातल्या खुर्चीत ती टोकाला बसली होती, पाहुण्यांकडे बसतात तशी. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमच्या नळाला औषधाचा वास येतो हो."

कोणीतरी चित्रणातच हसले. सरकारी वकिलाने पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडले, एवढ्यात ती बाजूला वळली आणि एकदम मोठ्याने म्हणाली, "आल्गोत! टोपी काढ. कोर्ट आहे हे!"

त्या दिवशी तो ती लाल टोपी घालूनच खालच्या कोर्टात गेला होता. ज्या टोपीवरून आरोप आला तीच. एवढा तो सरळ माणूस.

पण मी आजचे सांगतो. आज त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. तरी तिचा आवाज आला आणि त्याचा हात झटकन डोक्याकडे गेला. शेहेचाळीस वर्षांची सवय. त्याचे कोपर पेलीला लागले.

ती टेबलावरून गेली. मी ते पाहिले. मला हात असते तर मी धरले असते. फरशीवर पडताना तिचा जो आवाज झाला, तो आमच्या रोजच्या किणकिणण्यासारखाच होता, फक्त मोठा. मग काही नाही.

अध्यक्षेने चित्रण थांबवायला सांगितले. पडद्यावर गुनवोर तोंड अर्धवट उघडे ठेवून स्थिर झाली. बेंग्त-ओके झाडू घेऊन आला. आल्गोत खाली वाकून तुकडे वेचू लागला.

"राहू द्या, हात कापेल," बेंग्त-ओके म्हणाला.

"मी फोडली. मीच उचलतो."

"अहो, नाहीतरी ती फेकायचीच होती."

आल्गोतने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "याची जोडी होती ना?" त्याने विचारले. बेंग्त-ओके झाडू लावत राहिला. मोठे तुकडे आल्गोतने रुमालात घेतले आणि कोटाच्या खिशात ठेवले. का, ते त्याला तरी कळले होते की नाही कोण जाणे.

चित्रण पुढे सुरू झाले. मी ऐकत होतो, पण डोक्यावर वारा लागत होता. पेली पूर्वीही उचलली जायची, पण ती परत येणार नाही असा वारा मला माहीत नव्हता.

"तुमचा नवरा दुपारी तीन वाजता कुठे होता?" पडद्यावरच्या सरकारी वकिलाचा आवाज.

"भट्टीघरात. माझ्यासमोर."

"तुम्ही घड्याळ पाहिलं?"

"हात पिठात होते."

"मग तीन वाजले होते हे कसं सांगता?"

ती थांबली. खूप वेळ थांबली. छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. निकालात जिला अडखळणे म्हटले होते ते हेच. तिला काय झाले होते आणि पुढे काय झाले, हे आता सगळ्यांना माहीत होते. नव्या न्यायाधीशाने नजर खाली केली.

"तो वीस मिनिटं, अर्धा तास बाहेर गेला असेल, असं होऊ शकतं ना?"

"नाही."

"कशावरून?"

"भाकऱ्या मोजा की!"

"काय?"

"भाकऱ्या. एकशे सत्तर झाल्या. मोजा."

"मॅडम, मी वेळेबद्दल विचारतोय."

"मी पण वेळेबद्दलच सांगतेय, बाळा," गुनवोर म्हणाली, आणि खोकला आला, आणि वकिलाने दुसरा प्रश्न घेतला.

पडदा काळा झाला. आल्गोत दोन्ही तळवे टेबलावर ठेवून बसला होता. डोळे कोरडे होते. माझे पाणी मात्र थरथरत होते. आता सगळे उठतील, कागद गोळा करतील आणि संपेल, असे मला वाटले. अशा वेळी खुर्च्या सरकल्याचा आवाज मी हजार वेळा ऐकला आहे. पेली नव्हती. मी आहे, असे कोणी म्हणाले नाही.

तेवढ्यात टोकाकडून इंगालिलचा आवाज आला. "अध्यक्षबाई, मी एक विचारू का? प्रश्न स्वयंपाकाचा आहे, आधीच सांगते."

"विचारा," मार्गित म्हणाली.

"आल्गोत, लाटत कोण होतं आणि भाजत कोण होतं?"

आल्गोतने तिच्याकडे पाहिले. त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी त्याला कळेल अशा भाषेत बोलले होते.

"ती लाटायची. मी भाजायचो."

"कधी उलट?"

"पूर्वी. आता नाही. धूर तिला चालायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. ती दाराशी बसून लाटायची. दार उघडं टाकून. ऑक्टोबरात! माझी पाठ गार आणि पोट भाजलेलं."

डॉक्टरांचा कागद फाइलमध्येच होता. तुवाने तो काढून पुढे दिला.

"भट्टी तुम्हाला किती वाजता मिळाली होती?"

"एक ते चार. आमच्या आधीच्यांनी तापवून ठेवली होती, आम्ही लगेच सुरू केलं. चारला पुढचे आले तेव्हा शेवटची काढत होतो. ते त्यांनी पोलिसांना सांगितलंय."

"आणि एका भाकरीला?"

"मिनिट. जरा जास्त झाली तर कोळसा."

इंगालिलने चष्मा डोळ्यावर चढवला. "आगीच्या दिवशी चारनंतर लगेच पोलिसांनी भट्टीघराचा एक फोटो काढलाय. तळं किती लांब आहे ते दाखवायला. तो पडद्यावर लावता का?"

पडद्यावर फोटो आला. उघडे दार, दारातून तळ्याकडे जाणारी वाट. खालच्या कोर्टाने ती वाट पाहिली होती. इंगालिल उठून पडद्याजवळ गेली आणि तिने डाव्या कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे फळीवर पातळ भाकऱ्यांच्या थप्प्या होत्या, पांढऱ्या फडक्यावर ओळीने लावलेल्या. ती पुटपुटत मोजू लागली.

"सतरा. एका थप्पीत दहा ना?"

"दहाच. गुनवोर नेहमी दहाच रचायची."

"म्हणजे एकशे सत्तर. तीन तासांची मिनिटं एकशे ऐंशी. जळण घालायला, घाम पुसायला दहा गेली." ती वळली. "तळ्यावर जाऊन यायला पोलिसांनी किती लिहिलंय?"

"अर्धा तास," तुवा म्हणाली.

"मग तीस भाकऱ्या कमी पडायला हव्या होत्या," इंगालिल म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

सरकारी वकील उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याने विचारले, आणि विचारायलाच हवे होते, "हे तुम्ही खालच्या कोर्टात का सांगितलं नाही? पोलिसांनाही नाही."

आल्गोत गोंधळला. "काय सांगायचं? आम्ही भाजत होतो हे सांगितलं की. तापलेली भट्टी सोडून कुणी जातं का? हे कुणाला माहीत नसतं?"

मग अध्यक्षा मार्गित म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

मित्रांनो, त्या खोलीत मी मोठमोठी भाषणे ऐकली. ही तीन शब्दांची कबुली मात्र मी कधी ऐकली नव्हती.

ते पाचजण विचार करायला आतल्या खोलीत गेले. इंगालिलला पाणी हवे होते, म्हणून मलाही आत नेले. तिथे आधी सगळ्यात नवा न्यायाधीश मत देतो, म्हणजे मोठ्यांचे ऐकून तो दबू नये. साधी माणसे शेवटी बोलतात. तिथे कोण काय म्हणाले ते मी सांगणार नाही. आतले बाहेर सांगायचे नाही असा कायदा आहे, आणि मी तो अडुसष्ट वर्षे पाळला आहे. एवढेच सांगतो की त्यांना अडीच तास लागले आणि मला तीन वेळा भरावे लागले. फोटो पुन्हा पुन्हा मागवला गेला. एक आवाज चढला. मला वाटले, सगळे हातचे गेले.

निकाल त्या दिवशी लागला नाही. लेखी निकाल दोन आठवड्यांनी सकाळी अकराला मिळेल असे सांगितले. आल्गोत कोटाची बटणे लावून निघाला. जाताना त्याने माझ्या उघड्या गळ्यावर हात ठेवला, क्षणभर, जसे कोणी लहान पोराच्या डोक्यावर ठेवते.

ते दोन आठवडे माझे सगळ्यात वाईट गेले. दुसऱ्याच दिवशी बेंग्त-ओकेने मला व्हरांड्यातल्या खोक्यात ठेवले. "जोडी तुटली, आता तुला कोण विचारणार?" तो म्हणाला. बोलणे चेष्टेचे होते, पण त्याने मला वर्तमानपत्रात नीट गुंडाळले. अंधारात मला थंड होण्याची भट्टी आठवायची. तेव्हा शेजारी ती होती. एकट्याने भिणे वेगळे असते, मित्रांनो. ज्याला माहीत आहे त्याला सांगावे लागत नाही.

निकालाच्या दिवशी खोके कार्यालयाच्या खिडकीपाशी नेले होते. गाडी दुपारी येणार होती. अकराला पाच कमी असताना मला बसचा ब्रेक ऐकू आला, मग जड बुटांचा आवाज.

"टपालाने आला असता की," बेंग्त-ओके म्हणाला. "चार तास प्रवास करून आलात."

"टपालपेटी उघडायची हिंमत झाली नसती," आल्गोत म्हणाला. "इथे निदान माणसं आहेत."

खिडकीतून कागद मिळाला. कागद हलल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग आल्गोत म्हणाला, "चष्म्यावर वाफ आलीय. तू वाच."

बेंग्त-ओकेने घसा साफ केला. "खालच्या कोर्टाचा निकाल बदलून हे कोर्ट आरोप फेटाळत आहे. सुटलात! ऐकलंत का? सुटलात तुम्ही."

"ते असू दे. तिच्याबद्दल काय लिहिलंय?"

पाने उलटली. एक, दोन, पाच. मी वर्तमानपत्राच्या आत श्वास रोखून होतो. काचेला श्वास असतो. कारागिराने दिलेला तो एकच, आणि तो मी धरून ठेवला होता.

"सापडलं. पान नऊ," बेंग्त-ओके म्हणाला आणि हळू वाचू लागला. "गुनवोर हिने दिलेली माहिती स्पष्ट आहे आणि फोटोशी जुळते. शपथ नव्हती एवढ्यावरून तिचं मोल कमी होत नाही. साक्षीतले विराम तिच्या आजारामुळे होते असं कोर्ट मानतं. गुनवोरने खरं सांगितलं याबद्दल कोर्टाला शंका नाही."

"पुन्हा वाच," आल्गोत म्हणाला.

बेंग्त-ओकेने पुन्हा वाचले.

आल्गोत बाकावर बसला असावा. मग पिशवीची चेन उघडली. "त्या चंबूचं काय केलं?" त्याने विचारले.

"इथेच आहे, खोक्यात. दुपारी जाईल."

वर्तमानपत्र उलगडले आणि माझ्यावर उजेड पडला. आल्गोतच्या हातात एक पेली होती. साधी, जाड, काठाला निळी रेघ. रोज वापरून तिची चकाकी गेली होती.

"गुनवोरची औषधाच्या वेळची," तो म्हणाला. "घे."

"नाही हो, मला घेता येत नाही. सरकारी नोकर आहे मी. कोर्टात आलेल्या माणसाकडून भेट घेतली तर उद्या मीच दोन नंबरच्या दालनात."

"भेट कुठली? नुकसानभरपाई आहे. तुमची मी फोडली. पंधरा जणांसमोर."

बेंग्त-ओकेने डोके खाजवले. "भरपाई घेता येते," तो शेवटी म्हणाला. "पण त्याला कागद लागतो."

"मग कर कागद. मला दोनची बस आहे."

त्याने कागद केला. दोघांनी सह्या केल्या. मग आल्गोतने ती पेली स्वतःच्या हाताने माझ्या मानेवर उपडी ठेवली. ती नीट बसत नाही. जरा मोठी आहे, एका बाजूला कलते. मी घाबरून गेलो, पडेल म्हणून. पण बेंग्त-ओकेने मला उचलले, आणि चालताना ती किणकिणली. आवाज जुन्या पेलीचा नव्हता. वेगळाच होता, जरा जाड. तरी ती म्हणाली, मी आहे. उत्तर द्यायला मला वेळ लागला.

आज मी पुन्हा दोन नंबरच्या दालनात आहे. माझ्या बुडाला चिठ्ठी चिकटवली आहे, 'भरपाईची वस्तू, टाकू नये'. कागदी पेले बाजूच्या कपाटात पडून आहेत. भीती गेलेली नाही, ती जायचीही नाही. आल्गोतही घरी जाऊन रेडिओच लावत असेल.

मित्रांनो, मला एवढेच मागायचे आहे. तुमच्यापुढे कोणी बोलता बोलता थांबले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. त्याला पाणी द्या. पेली दोन्ही हातांनी द्या, कारण समोरचे हात थरथरत असतात. मग तो मिनिटभर गप्प राहिला तरी बसून राहा. भाकऱ्या मोजा असे कोणी म्हणाले, तर हसू नका. मोजा.